पालथं कार्ड

चारुशीला आवटीच्या टेबलावर पत्र्याचा एक डबा होता. कधीकाळी त्यात कुणीतरी बेसनाचे लाडू आणले होते. गेली बावीस वर्षं त्यात कॅमेऱ्याची मेमरी कार्डं राहत होती. डब्याचा नियम एकच, आणि तो तिनेच घालून दिलेला. शूटिंगवरून आलेलं कार्ड डब्यात उताणं ठेवायचं, त्यावरची पट्टी वर दिसेल असं. त्यातलं फुटेज संगणकावर उतरवून झालं, की घासलेलं भांडं पालथं घालावं तसं ते पालथं घालायचं. पालथं कार्ड कुणीही उचलून पुन्हा कॅमेऱ्यात घालावं. उताण्या कार्डाला हात लावायचा नाही.

मिरजेच्या कुडचे स्टुडिओत हा नियम मालक बसवराजसुद्धा पाळत असे. तो चारुशीलाहून आठ वर्षांनी लहान होता, तिला अक्का म्हणायचा, आणि तिच्या डब्याला घाबरायचा.

मग जूनमध्ये स्टुडिओत उतरंड आली.

कंपनीने यंत्राला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण एकावर एक आठ खाचांचा तो काळा खांब पाहून बसवराज म्हणाला, "ही तर आमच्या आज्जीची उतरंड झाली," आणि तेच नाव पडलं. खाचेत कार्ड सरकवलं की यंत्र प्रत्येक क्लिप दोन ठिकाणी उतरवी. मग मूळ क्लिप आणि तिची नक्कल, दोन्हींमधले सगळे आकडे एका गणिती चरकातून पिळून प्रत्येकीची चौसष्ट अक्षरांची एक खूण काढी. नकलेत एका ठिपक्याचा रंग जरी बदललेला असला, तरी खूण पार वेगळी येई. खुणा जुळल्या तरच नक्कल खरी. त्यानंतर यंत्र चेहरे ओळखी, अक्षता, सप्तपदी, पंगत असे गठ्ठे लावी, चार कॅमेऱ्यांचं फुटेज एडिटिंगच्या टाइमलाइनवर एकाखाली एक बसवी, आणि शेवटी कार्ड पुसून बाहेर ढकली. चारुशीलाचं दिवसाचं काम अकरा मिनिटांत उरके.

"पण बसू, चार कॅमेऱ्यांची चार घड्याळं," तिने पहिल्याच दिवशी विचारलं. "एकाचं दोन मिनिटं पुढे, एकाचं मागे. हे जुळवतं कशावरून?"

"पंख्यावरून," बसवराज म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"खरंच की, अक्का! तो बसवायला आलेला इंजिनिअर सांगत होता."

चेष्टा नव्हती ती. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते, असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात ती नेमकी पन्नास क्वचितच असते. कुठे हजारो पंप एकदम सुरू झाले की ती किंचित मंदावते, ते बंद पडले की किंचित चढते. साऱ्या देशाची वीज एकाच जाळ्यात बांधलेली असल्यामुळे हा चढउतार श्रीनगरला आणि कन्याकुमारीला त्याच क्षणी तसाच होतो, आणि पुढे कधीही जसाच्या तसा होत नाही. पंखा, ट्यूबलाइट, फ्रिज हे सगळे त्याच चालीवर बारीक गुणगुणत असतात. आपले कान त्याकडे दुर्लक्ष करतात. माइक करत नाही. घरात केलेल्या जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी असा त्या वेळेचा अंगठा उमटलेला असतो. जाळ्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रांच्या सेकंदासेकंदाच्या नोंदी सर्वांना खुल्या झाल्या, आणि उतरंडीसारखी यंत्रं आली. ती कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबत नसत. गुणगुण ऐकून क्लिप कुठल्या दिवशी, किती वाजता घेतली ते सांगत. दुसऱ्याच आठवड्यात उतरंडीने एका लग्नातली मंगलाष्टकं मुहूर्त टळून नऊ मिनिटांनी संपल्याचं दाखवलं. ते वधूवरांच्या घरी न कळवण्याचं शहाणपण बसवराजने केलं.

"आता माझं काय काम?" चारुशीला म्हणाली. विचारताना तिने डब्याचं झाकण लावलं.

"आहे की. कपाटातल्या जुन्या डिस्का." बसवराजने कपाट उघडलं. पंधरा वर्षांच्या चौतीस डिस्क धूळ खात पडल्या होत्या. "एकेक करून उतरंडीला लावायच्या. ती तारीखवार लावेल, डबल झालेलं काढेल. राहिलेला कचरा पुसायचा की नाही ते तुम्ही सांगायचं. ते बटण मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, अक्का."

चारुशीला मान डोलावून कपाटापाशी गेली. तिची पाठ त्याच्याकडे होती हे बरं झालं. चौतीस डिस्क, आणि तारीख न चुकणारं यंत्र. अकरा वर्षांत जे तिने मनातही म्हणायचं सोडलं होतं, ते तिच्या ओठांवर आलं: सोळा नोव्हेंबर.

*

महिबूबचाचा तंबोरे करायचे. चारुशीलाचं माहेर त्यांच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून होतं, आणि चाचांची मुलगी नसीम तिची पहिलीपासूनची मैत्रीण. भोपळा, दांडी, खुंट्या हे सगळं गल्लीत बरेच जण करत. चाचांचं नाव होतं ते जवारीसाठी. तंबोऱ्याची तार ज्या हाडाच्या घोडीवरून जाते, त्या घोडीचा माथा कानशीने इतका अलगद घासायचा की तार तिला टेकतेय की नाही असं व्हावं. मग त्या एका तारेतून दहा सूर फुटतात. कुठे किती घासायचं हे चाचांना सांगता येत नसे. ते म्हणायचे, "हाताला विचार."

हाताचं चित्रण करू या म्हणून नसीम सहा वर्षं त्यांच्या मागे लागली होती. अखेर ते एका दिवसापुरते तयार झाले. चारुशीलाने बसवराजला कॅमेरा घेऊन पाठवलं. संध्याकाळी कार्ड डब्यात आलं. तिने ते उतरवलं, पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी ते कार्ड जयसिंगपूरच्या लग्नाला गेलं आणि त्यावर दुसरं फुटेज चढलं.

चार दिवसांनी नसीम हौसेने बघायला आली. संगणकावर सोळा नोव्हेंबरचं काहीच नव्हतं.

"मी उतरवलं होतं," चारुशीला म्हणाली. आठ दिवस म्हणत राहिली. बसवराजने, तिने, दोघांनी मिळून सगळ्या डिस्क त्या महिन्यासाठी धुंडाळल्या. नवव्या दिवशी ती नसीमकडे जाऊन म्हणाली, "मी न उतरवताच पालथं घातलं असणार."

"लग्नातल्या वरणभाताच्या पंगती जपून ठेवता तुम्ही," नसीम म्हणाली, "माझ्या अब्बाचे हात तेवढे सांडले."

 चाचा नुसतं पुन्हा बसू या म्हणाले. पण पुढच्याच महिन्यात त्यांची उजवी बाजू गेली, आणि हाताबरोबर बरीचशी वाचाही.

त्यानंतर दोघी मैत्रिणी कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयतीला भेटत, मान हलवत. चारुशीलाचं दुसरंही एक काही मोडलं होतं, पण ते कुणाला दिसणारं नव्हतं. घराला कुलूप लावून ती चार पायऱ्या उतरे, परत चढून कुलूप ओढून बघे. गॅस बंद केल्यावर पुन्हा बघे, मग पुन्हा. स्वतःच्या हाताने केलेलं काम खरंच झालंय यावर तिचा विश्वासच उरला नव्हता. ते कार्ड तिने स्टुडिओकडून मागून घेतलं होतं. घरी कपाटात, एका स्टीलच्या डबीत ते होतं. उताणं.

*

डिस्क उतरंडीला लावायला तिला नऊ दिवस लागले. दुपारचा डबा ती यंत्रासमोर बसूनच खायची. पडद्यावर लग्नं, मुंजी, साखर कारखान्यांचे मोळीपूजनाचे कार्यक्रम सरसर लागत जात. एकदा तिचा स्वतःचाच पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा एका पंगतीत दिसला. आग्रहाने जिलबी वाढत होती.

दहाव्या दिवशी सकाळी चौतिसावी डिस्क संपली. स्टुडिओत अजून कुणी नव्हतं. चारुशीलाने चष्मा पुसला आणि तारीख घातली.

सोळा नोव्हेंबर, ते साल. जुळणारं चित्रण नाही.

तिने आदल्या दिवसाची तारीख घातली. एक साखरपुडा निघाला. दुसऱ्या दिवशीची घातली. जयसिंगपूरचं लग्न, तेच कार्ड, सगळं नीट. मधला दिवस कोरा. म्हणजे यंत्राने तिच्या कबुलीवर शिक्का मारला होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. तिने ते बरीच वर्षं आधीच भोगलं होतं.

पडद्यावर शेवटची ओळ होती. 'वेळ न सापडलेल्या क्लिप: ३१२. वीजगुणगुण नाही. बहुधा चुकून चालू राहिलेला कॅमेरा. पुसायच्या?'

"काय म्हणते उतरंड?" बसवराज आत आला. कपाळावर विभूती, हातात उदबत्तीचा पुडा.

"झालं सगळं. तीनशे बारा उरल्यात."

"दाबा की मग. गाडीच्या सीटचं, नाहीतर माझ्या चपलांचं शूटिंग असणार ते. त्यात मी पटाईत."

चारुशीलाने बटणाकडे हात नेला. बसवराज बसवेश्वरांच्या फोटोपुढे उभा राहिला. काडी विझू नये म्हणून त्याने रोजच्यासारखा पंखा बंद केला.

पाती मंदावली, थांबली. खोलीतून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. इतका वेळ कुठलातरी आवाज चालू होता हे तो थांबल्यावरच कळलं. काडी ओढल्याची खर्रकन चाहूल कानाजवळ आल्यासारखी वाटली.

चारुशीलाचा हात तिथेच राहिला.

"बसू," ती म्हणाली, "जवारी करताना चाचा पंखा बंद करायचे."

"पंखा? ट्यूबसुद्धा, अक्का. माझा फोन बाहेर ठेवायला लावला होता. म्हणे, हे सगळे बेसूर गातात, मला तार ऐकू येत नाही. छताच्या काचेतून ऊन येत होतं, त्यावरच शूटिंग..." तो उदबत्ती हातात धरून वळला.

"म्हणजे त्या दिवसाच्या फुटेजमध्ये गुणगुण असणारच नाही."

 उदबत्तीची राख बसवराजच्या पायावर पडली तरी तो हलला नाही.

तिने उतरंडीला सांगितलं: या तीनशे बारांपैकी दिवसाउजेडी घेतलेल्या, दहा मिनिटांहून मोठ्या क्लिप दाखव. तेवीस उरल्या. तेवीसही एकाच डिस्कवर, एकोणिसाव्या. सगळ्यांवर कॅमेऱ्याची तारीख एक जानेवारी, आणि साल तो कॅमेरा ज्या वर्षी कारखान्यातून निघाला ते. त्या काळी स्टुडिओतला संगणक कार्डावरची तारीख वाचून आपोआप त्या सालाच्या फोल्डरमध्ये फुटेज टाकायचा. स्टुडिओतली पहिली डिस्क यायच्याही आधीचं ते साल. ते फोल्डर उघडायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिने पहिली क्लिप लावली.

आधी नुसता आवाज आला. चाचांचा, खणखणीत, पक्षाघाताच्या आधीचा. "झालं का तुझं टीं टीं? त्या डब्याला गप कर, नाहीतर तू बाहेर हो!"

मग बसवराजचा. "झालं चाचा, झालं. तारीख लाव म्हणतंय. राहू दे, लावत नाही काही."

आणि मग पडद्यावर दोन हात आले. डाव्यात घोडी, उजव्यात कानस, त्यावर वरून पडलेलं पिवळं ऊन.

बसवराज स्टुलावर बसला. मग म्हणाला, "बॅटरी पार उतरली होती त्या दिवशी. घड्याळ पहिल्यावर गेलं. प्रत्येक बटणाला कॅमेरा टीं करायचा. म्हणून मी नुसतं ओके दाबत गेलो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "अक्का, अकरा वर्षं. माझ्या एका ओकेपायी. आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, होतं एखाद्या वेळेस, अक्काचंही वय होतंय."

"मी तेव्हा चाळीसची होते रे," चारुशीला म्हणाली.

"तेच म्हणतोय. मला काहीतरी फेकून मारा."

"डबा मारेन. थांब जरा, बघू दे पुरतं." तिचा आवाज मात्र हसरा होता, आणि तो ऐकून तिलाच नवल वाटलं.

तेवीस क्लिप, चार तास अडतीस मिनिटं, मध्ये एक सेकंदाचाही तुटवडा नाही. शेवटच्या क्लिपच्या शेवटी चाचा कानस खाली ठेवून म्हणतात, "नसीम, पंखा लाव गं." खट्ट आवाज होतो, पंखा गुणगुणायला लागतो, आणि नऊ सेकंदांनी क्लिप संपते.

उतरंडीने खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'नऊ सेकंदांची गुणगुण आढळली. वेळ ठरवण्यास अपुरी.'

"तुला अपुरी," चारुशीला पडद्याला म्हणाली. "मला पुरे."

*

घरी जाऊन तिने कपाटातली डबी पर्समध्ये टाकली. कुलूप लावलं, चार पायऱ्या उतरली, रस्त्याला लागली. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कुलूप ओढून पाहिलेलं नाही. ती क्षणभर थांबली. लावलं होतं. ती पुढे चालू लागली.

कारखान्यात नसीम जमिनीवर बसून एका दांडीला लाखेचा हात देत होती. दाराशी खुर्चीत चाचा, मांडीवर निपचित उजवा हात. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते.

"आज इकडे कुठे?" नसीमने वर न बघता विचारलं.

"तुझ्याकडेच. बसू म्हणाला, तू मशीनवर कापलेल्या घोड्या मागवतेयस."

"सोमवारी माणूस येणाराय नमुने घेऊन. का? तेही शूटिंग करून हरवायचंय?"

 चारुशीलाने पर्समधून टॅबलेट काढून कामाच्या चौरंगावर, लाकडाच्या ढलप्यांत उभा केला. "बघ आधी. मग हाकलून दे."

"झालं का तुझं टीं टीं?" चाचांचा अकरा वर्षांपूर्वीचा आवाज कारखानाभर खणखणला.

नसीमच्या हातातला ब्रश लाखेच्या वाटीत पडला. खुर्चीत चाचांनी मान उचलली. पडद्यावरच्या हातांकडे ते टक लावून बघत राहिले. मग त्यांनी डावा हात वर केला आणि बोटाने छताकडे दाखवलं.

"काय अब्बा? काय हवंय?"

"पं... खा."

नसीमने उठून पंखा बंद केला. ट्यूबही. कारखाना शांत झाला, आणि पडद्यातून कानशीचा आवाज स्वच्छ येऊ लागला. सर्र, थांब. सर्र, सर्र, थांब. मग तारेवर एक बोट.

नसीम रडेल असं चारुशीलाला वाटलं होतं. पण ती दोन्ही गुडघ्यांवर पुढे सरकून पडद्याला नाक लावायच्या बेतात आली होती.

"अंगठा," ती म्हणाली. "चारू, अंगठा बघ! खालून आहे. कानस अंगठ्यावर नुसती टेकवलीय. मी इतकी वर्षं वरून दाबतेय!" ती बापाकडे वळली. "खालून, अब्बा? सांगायचं नाही का मला?"

चाचांनी डाव्या हाताचा अंगठा वर केला, मग हवेत उलटा करून दाखवला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"अकरा वर्षं त्यांनी तेच सांगितलं असेल," चारुशीला म्हणाली. "तुला वाटलं असेल पाणी मागतायत."

"गप गं." नसीमने डोळे पदराला पुसले. "कुठे होतं हे?"

चारुशीलाने सगळं सांगितलं. बॅटरी, टीं टीं, एक जानेवारी, कुणी न उघडलेलं साल. नसीम ऐकत होती, मध्येच बापाकडे बघत होती.

"म्हणजे अब्बांनीच दटावलं म्हणून तारीख गेली," ती शेवटी म्हणाली, "आणि अब्बांनीच पंखा बंद केला म्हणून त्या मशीनलाही सापडेना. आणि शिव्या खाल्ल्या तू."

"शिव्या कुठे? एकच वाक्य बोलली होतीस."

"वरणभाताचं." नसीमने मान खाली घातली. "मला आठवतंय ते. रोज आठवायचं." वाटीतला ब्रश काढत म्हणाली, "तू उतरवलं होतं म्हणत होतीस. आठ दिवस म्हणत होतीस. मी नववा दिवस येईपर्यंत तोंड फिरवून बसले."

"मीच फिरले नवव्या दिवशी. जाऊ दे. त्या सोमवारच्या माणसाचं काय?"

"चहा पाजते आणि धाडते परत."

चारुशीलाने पर्समधून स्टीलची डबी काढली. झाकण उघडून चौरंगावर ठेवली. आत ते कार्ड होतं, पट्टी वर. शाईने लिहिलेलं 'तंबोरा, चाचा' जवळजवळ उडून गेलं होतं.

"हे अजून जपलंस?" नसीमने विचारलं. डब्याचा नियम तिलाही ठाऊक होता. लहानपणीच्या मैत्रिणीला नोकरीतली एकूण एक गोष्ट ठाऊक असते. "आणि उताणं?"

"मग काय करणार? उतरवलंय म्हणून सांगायला पुरावा नव्हता."

नसीमने हाडाच्या भुकटीने पांढरी झालेली दोन बोटं डबीत घातली, कार्ड उचललं, आणि चौरंगावर पालथं घातलं. वरून एकदा हलकेच दाबलंही.

मग तिने घोडी डाव्या हातात घेतली, कानस उजव्या, आणि अंगठा खालून लावला.

"क्लिप पहिल्यापासून लाव," ती म्हणाली. "आणि आता कुणी बोलू नका."

चाचांनी डोळे मिटले, ऐकायला.